चेअरमनची गाडी टोचनवर

चेअरमन लेवी न्जोव्हू यांच्या गाडीचं इंजिन सिंदा गावाच्या थोडं पुढे, सकाळी साडेपाचला जाम झालं. इंजिनाची यात काही चूक नव्हती. चार महिने मी ऑइल बदलायचं म्हणत होतो आणि चार महिने चेअरमन म्हणत होते, "साकाला, आधी निवडणूक होऊ दे." ऑइलचा आणि निवडणुकीचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. पंधरा वर्षं त्यांचा ड्रायव्हर असल्यामुळे न विचारण्याची मला चांगली सवय लागली होती.

गाडी म्हणजे पांढरी पिकअप, हाताने गिअर टाकायची, मागच्या चाकांवर चालणारी. ती होती शेंगदाणा उत्पादकांच्या सहकारी संघाची. दारावर तसं निळ्या अक्षरांत रंगवलेलंही होतं. पण चेअरमन तिला "माझी गाडी" म्हणत, आणि संघाला "माझा संघ", त्यामुळे त्यांच्या बोलण्यात विसंगती अशी कुठे नव्हती. गाडीची किल्लीसुद्धा तेच सांभाळत. गाडी थांबली की ते न बघता डावा हात पुढे करत, मी त्यात किल्ली ठेवायची, आणि मग ते ती बोटाभोवती फिरवत खाली उतरत. गाडी मी चालवतो हे गावाला दिसलं तरी चालेल, पण ती कुणाची आहे याबद्दल गैरसमज नको.

त्या दिवशी प्रांताच्या ठिकाणी, चिपाटाला, संघाची वार्षिक सभा होती आणि दहा वाजता चेअरमनची निवड. आधीच्या तिन्ही वेळा ते बिनविरोध आले होते. या वेळी मिंगा भागातल्या तिसाउके चुलू उभ्या होत्या. नवरा वारल्यावर या बाईने त्याचा छोटा ट्रक विकला नाही, स्वतः चालवायला घेतला. वर्षानुवर्षं संघाचं कुलूप लागलेलं गोदाम बघून कंटाळलेल्या बायकांचा शेंगदाणा ती तिच्या ट्रकमधून थेट बाजारात नेऊ लागली. आमच्याकडे न्जोव्हू म्हणजे हत्ती आणि चुलू म्हणजे वारूळ, तेव्हा आमच्या पेटाउकेच्या बाजारात महिनाभर कसले विनोद चालले असतील ते सांगायला नको. चेअरमनना ते विनोद आवडत. त्यांच्या मते हत्तीच्या बाजूने सगळंच स्पष्ट होतं.

तर इंजिन जाम झालं. जुलैचे दिवस, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ येत होती, आणि दोन्ही बाजूंना जळून काळं पडलेलं गवत. मी बॉनेट उघडून बघितलं, बंद केलं.

"काय म्हणतंय?" चेअरमननी आतूनच विचारलं.

"काही म्हणत नाही, चेअरमन. गेलं."

"गेलं म्हणजे किती वेळ?"

"कायमचं."

त्यांनी घड्याळ पाहिलं, सुटाची बाही झटकली आणि रस्त्याकडे असं बघितलं, जणू आता रस्त्यानेच काहीतरी करायला हवं. पाऊण तास कुणी थांबलं नाही. बस भरलेल्या होत्या. संघाच्याच दोन सभासदांची मोटार समोरून गेली आणि त्यांनी आम्हाला प्रेमाने हात केला. चेअरमननीही केला. गाडी बंद आहे हे त्या दोघांना कळू नये, अशी त्यांची धडपड होती.

सव्वासहाला तिसाउके चुलूंचा ट्रक आला. मागे मिंगाच्या सहा प्रतिनिधी बायका, चितेंगेची कापडं डोक्यावरून गुंडाळून, पोत्यांवर बसलेल्या. ट्रक थांबला. बाई खाली उतरल्या, पायात पुरुषी बूट, अंगावर नवऱ्याचं जुनं जाकीट.

"मुली उका ब्वांजी, बा न्जोव्हू," त्या म्हणाल्या. रात्र कशी गेली, असं आमच्याकडे सकाळी विचारतात, आणि पुरुषाच्या नावाआधी मानाने 'बा' लावतात.

"उत्तम," चेअरमन म्हणाले. "सूर्योदय बघत होतो."

"इंजिनही बघतंय वाटतं."

पोत्यांवरच्या बायका हसल्या. मग बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि एवढ्यावरून त्यांना सगळं कळलं.

"टोचन करून नेऊ चिपाटाला," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे दोर आहे. बा न्जोव्हू, तुम्ही हवं तर ट्रकमध्ये बसा, शेजारी जागा आहे."

चेअरमनपुढे मोठा पेच पडला. सभेला पोचलं नाही तर निवडणूक जाते, आणि विरोधी उमेदवाराच्या शेजारी बसून पोचलं तर अब्रू जाते. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"साकाला, ती मागून ढकलू शकणार नाही का? म्हणजे आपण पुढे राहू."

"शंभरावर किलोमीटर, चेअरमन?"

"बरं, मग दोर किती लांब आहे तिच्याकडे? तीसेक मीटर असला तर लोकांना वाटेल दोन वेगवेगळ्या गाड्या आहेत."

मी त्यांना सांगितलं की पाच मीटरच्या वर दोर बांधला तर तो रस्त्यावर लोळतो, चाकाखाली येतो, आणि मध्ये एखादा सायकलवाला शिरला तर त्याचे तुकडे होतात. आणि दोराला मधोमध लाल फडकं बांधावंच लागतं, लोकांना दिसावं म्हणून.

"लोकांना दिसू नये म्हणूनच तर मी विचारतोय," चेअरमन म्हणाले.

शेवटी ते त्यांच्याच गाडीत, त्यांच्याच जागेवर बसणार असं ठरलं. मी गाडीखाली शिरलो.

इथे खरं भांडण झालं. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की झालं, असं सगळ्यांना वाटतं, आणि दोन-चार किलोमीटरसाठी ते बरोबरही आहे. पण इंजिन फिरत नसलं की गिअरबॉक्समधलं ऑइल तळाशी बसून राहतं. मागची चाकं मात्र शाफ्टमधून गिअरबॉक्सचा मागचा भाग फिरवतच राहतात, कोरडा. इतक्या लांबवर नेलं तर बेअरिंग भाजून निघतात आणि इंजिनाच्या जोडीला गिअरबॉक्सही जातो. म्हणून लांब न्यायची असेल तर गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा तो लांब शाफ्टच काढून ठेवायचा. चार बोल्टचं काम. मी काढला, गिअरबॉक्सच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी आणि वरून पोत्याचा तुकडा बांधला, ऑइल गळू नये म्हणून, आणि शाफ्ट घेऊन बाहेर आलो.

"हे काय?" चेअरमननी विचारलं.

"शाफ्ट."

"माझ्या गाडीचा?"

"हो."

"आणि तो बाहेर का आहे?"

मी समजावलं. मग बाईंनी समजावलं. त्या म्हणाल्या, "ट्रकमध्ये टाका, पोत्यांवर पडून राहील."

चेअरमनच्या चेहऱ्यावर एकदम समजूतदार हसू आलं. विरोधकांचा डाव लक्षात आला की ते असंच हसत.

"अमाई," ते म्हणाले, "सत्तर-ऐंशीच्या दशकांत मी स्वतः गाड्या ओढल्यात. तेव्हा कुणी गाडीची हाडं काढून शत्रूच्या ट्रकमध्ये ठेवली नाहीत."

"शत्रू कशाला म्हणता. शेजारीण म्हणा."

"शाफ्ट माझ्याजवळ राहील."

आणि राहिला. दीड मीटरचा, ग्रीसने माखलेला तो दांडा त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून दोन गुडघ्यांमध्ये तिरपा धरला. त्याचं एक टोक खिडकीबाहेर आलं होतं. राखाडी सूट, लाल टाय आणि खिडकीतून डोकावणारी ती नळी, असे आमचे चेअरमन एखाद्या छोट्या देशाच्या तोफखान्यासारखे दिसत होते. मिंगाच्या एका म्हाताऱ्या बाईने ट्रकवरून हे पाहिलं आणि चितेंगेचं टोक तोंडात कोंबलं.

बाईंनी दोर दोन्ही गाड्यांच्या चेसिसच्या हुकांना बांधला, मध्ये लाल फडकं लावलं, आणि मला म्हणाल्या, "बा साकाला, तुम्हाला माहीत आहेच. ब्रेक तुमचा. मी हळू होणार असले की एकदा हॉर्न, थांबणार असले की दोनदा. चाळीसच्या वर जाणार नाही."

मला माहीत होतं. टोचनवर मागच्या माणसाने पुढच्या गाडीसाठीही ब्रेक लावायचा असतो, थोडा थोडा, दोर कायम ताणलेला राहील असा. दोर ढिला पडला की पुढचा झटका तो तोडतो. आणि बंद गाडीत ब्रेकला इंजिनाची मदत नसते. पेडल दगडासारखं होतं, पूर्ण ताकद लावावी लागते. स्टेअरिंगही तसंच जड. मी किल्ली आत घालून एक घर फिरवून ठेवली, कारण ती काढली तर स्टेअरिंगला कुलूप बसतं. धोक्याचे दिवे लावले.

चेअरमननी सवयीने डावा हात पुढे केला.

"किल्ली आत राहायला हवी, चेअरमन."

"का?"

"स्टेअरिंग लॉक होईल."

हात थोडा वेळ तसाच राहिला. मग मागे गेला. पण तो प्रवासभर अस्वस्थ होता, मला दिसत होतं.

निघालो. पहिला तासभर काही बिघडलं नाही. बाई ट्रक इतक्या सारख्या वेगाने चालवत होत्या की दोर काठीसारखा ताठ राहिला. चेअरमननी भाषणाचे कागद काढले आणि शाफ्टला टेकवून वाचायला सुरुवात केली. गावं आली की ते कागद खाली ठेवून हात करत. कातेतेच्या बाजारात वितुम्बुवा, म्हणजे पिठाचे गोड वडे, तळणाऱ्या बायकांनीही हात केले, मग दोराकडे बघितलं, मग ट्रककडे, आणि मग त्यांचे हात खाली आले पण माना आमच्यामागे वळत राहिल्या.

"लोकांचं प्रेम आहे," चेअरमन म्हणाले.

"हो, चेअरमन."

"बाईला वाटेल तिच्यासाठी बघतायत."

कातेते सोडल्यावर एक लांब उतार लागतो. बाईंनी एकदा हॉर्न दिला. मी ब्रेकवर पाय ठेवून हळूहळू दाबू लागलो. पण चेअरमननी त्याच क्षणी कागदातून मान वर काढली आणि समोर, हातभर अंतरावर असल्यासारखी, ट्रकची मागची फळी पाहिली. हातभर नव्हती, चार मीटर होती. त्यांनी काय करावं, तर शाफ्ट सोडून दोन्ही हातांनी हँडब्रेक खेचला.

मागची चाकं जागच्या जागी थांबली, गाडी आडवी सरकली, दोर ताणला आणि बंदुकीच्या बाराइतका आवाज करून तुटला. त्याचं टोक परत येऊन आमचा डावा हेडलाईट फोडून गेलं. काचेवर आलं असतं तर मी ही गोष्ट सांगायला नसतो. गाडी मी कशीबशी कडेच्या मातीत नेऊन उभी केली. शाफ्ट चेअरमनच्या मांडीवर आडवा पडला होता आणि राखाडी पँटीवर ग्रीसचा पट्टा उमटला होता, मांडीपासून गुडघ्यापर्यंत.

बाई चालत मागे आल्या. आधी त्यांनी मला विचारलं, "लागलं का कुठे?" मी नाही म्हटलं. मग दोराचं तुटकं टोक बघितलं. मग हँडब्रेककडे.

"कुणी?" त्यांनी विचारलं.

चेअरमन म्हणाले, "ब्रेक वेळेवर लागला म्हणून आपण सगळे वाचलो."

"खरंय," बाई म्हणाल्या. "बा न्जोव्हू, आता तुम्ही दोन्ही हात त्या शाफ्टवर ठेवा. एवढं काम मिंगाच्या कुठल्याही बाईला जमेल, तुम्हालाही जमेल."

त्यांनी दोराच्या गाठी मारल्या. त्यात वीस मिनिटं गेली. पुढे चिपाटाच्या डोंगरांपर्यंत चेअरमन एक शब्द बोलले नाहीत आणि दोन्ही हात शाफ्टवर ठेवून बसले. पंधरा वर्षांतला तो माझा सगळ्यात शांत प्रवास होता.

सभा होती गावाबाहेरच्या एका प्रशिक्षण केंद्रात. फाटकापासून सभागृहापर्यंत आतला रस्ता उतरत जातो, दोनशे पावलं असेल. फाटकाशी पोचलो तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी होती. चेअरमन एकदम जिवंत झाले.

"इथे सोडायला सांग."

"काय?"

"दोर. इथे सोडायला सांग. पुढे उतार आहे. आपण आपले जाऊ."

"इंजिन नाही, चेअरमन. ब्रेक कडक आहे."

"साकाला, त्या मैदानात तीनशे सभासद उभे आहेत. मी त्यांच्यासमोर त्या बाईच्या मागे दोरीने बांधलेला जाणार नाही. बकरा आहे का मी?"

बाई ट्रक थांबवून मागे आल्या होत्या; त्यांनी ऐकलं, खांदे उडवले, दोर सोडला आणि ट्रक कडेला घेतला. मिंगाच्या बायका खाली उड्या टाकून सभागृहाकडे पळाल्या. मी हँडब्रेक सोडला आणि संघाची पिकअप, आवाज न करता, अगदी दिमाखात, उताराला लागली.

खोटं बोलत नाही, दृश्य छान होतं. लोक वळून बघत होते. चेअरमननी शाफ्ट पायाशी सरकवला, टाय नीट केला आणि खिडकीतून हात करू लागले. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "काय गाडी आहे, इंजिनाचा आवाज येत नाही." मी दोन्ही पाय ब्रेकवर ठेवून जीव खाऊन दाबत होतो आणि गाडी हळू होत होती. सभागृहाच्या पायऱ्यांपासून वीस पावलांवर ती आपोआप थांबली असती.

पण चेअरमनना पायऱ्या दिसल्या, पायऱ्यांवरचे लोक दिसले, आणि उतरताना बोटाभोवती किल्ली फिरवायची असते हे आठवलं. त्यांनी हात पुढे केला नाही. स्वतःच वाकून किल्ली फिरवली आणि काढली.

स्टेअरिंगला कुलूप बसलं. चाकं जराशी डावीकडे वळलेली होती, ती तशीच राहिली, आणि आम्ही चालण्याच्या वेगाने, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, डावीकडच्या स्वयंपाकाच्या मांडवात शिरलो. बायका न्शिमाच्या, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीच्या, पातेल्यांपासून बाजूला झाल्या. त्यांना भरपूर वेळ मिळाला, इतके आम्ही हळू होतो. कोंबडीच्या रश्श्याचं मोठं पातेलं मात्र जागचं हललं नाही, म्हणून आम्ही त्याला धडकलो. ते आडवं झालं. मग मांडवाचा एक खांब आमच्या बॉनेटवर येऊन टेकला आणि वरचे पत्रे कलले.

चेअरमन खाली उतरले. रश्श्यात पाय पडणार नाही असं बघून उतरले. किल्ली बोटाभोवती एकदा फिरवली आणि मला म्हणाले, "इथेच राहू दे." मग ते पायऱ्या चढून सभागृहात गेले.

आता मांडवाचं सगळं वजन त्या खांबावर आणि खांबाचं आमच्या बॉनेटवर. गाडी मागे घेतली तर पत्रे पडणार, न घेतली तर बायकांना चुलीपाशी जाता येईना. त्या सगळ्या माझ्यावर ओरडत होत्या, आणि त्यांचं बरोबर होतं. तेवढ्यात तिसाउके चुलूंचा ट्रक उताराने खाली आला. बाईंनी एकदा बघितलं, सभागृहाच्या दाराकडे बघितलं, मग हाताच्या बाह्या वर केल्या.

"अमाई, तुम्ही आत जा," मी म्हटलं. "दहा वाजले."

"आणि हे पत्रे कुणाच्या डोक्यावर पडू देऊ?"

त्यांनी चार बायकांना दुसऱ्या बल्लीने छप्पर उचलून धरायला लावलं, ट्रक उलटा आणला, दोर पिकअपच्या मागच्या हुकाला बांधला. किल्ली तर चेअरमनच्या खिशात, म्हणजे स्टेअरिंग लॉकच. मी आणि दोन स्वयंपाकिणींनी पिकअपची पुढची बाजू ढकलून ढकलून, इंच इंच, सरळ केली. पंधरा-सतरा मिनिटांत पिकअप बाहेर, खांब जागेवर.

त्या पंधरा-सतरा मिनिटांत आत काय झालं ते मला मिंगाच्या बायकांनी सांगितलं. निवडणूक अधिकारी म्हणून सहकार खात्याचा एक चष्मेवाला गृहस्थ आला होता. दहा वाजून दोन मिनिटांनी त्याने उमेदवारांची नावं पुकारली. लेवी न्जोव्हू, हजर. तिसाउके चुलू. पुन्हा तिसाउके चुलू.

"त्या बाहेर आहेत," मिंगाची एक बाई उठून म्हणाली. "चेअरमनची गाडी मांडवातून ओढून काढतायत."

"उमेदवार सभागृहात हजर पाहिजे," अधिकारी म्हणाला. "बाहेर काय करतात याची नोंद घ्यायला नियमांत रकाना नाही."

मग त्याने चेअरमनना विचारलं, श्रीमती चुलू कुठे आहेत हे त्यांना ठाऊक आहे का. आणि आमचे चेअरमन, पँटीवरचा ग्रीसचा पट्टा भाषणाच्या कागदांनी झाकून, म्हणाले, "सकाळपासून त्या माझ्या पुढेच होत्या. आता दिसत नाहीत."

तिसऱ्यांदा नाव पुकारलं. खोडलं. चेअरमन चौथ्यांदा बिनविरोध.

बाई दारात पोचल्या तेव्हा टाळ्या चालू होत्या. त्या उंबऱ्यावर थांबल्या, हातांना काजळी, जाकिटावर रस्सा. मला वाटलं होतं त्या भांडतील. मिंगाच्या बायका भांडतच होत्या. पण त्या तशाच मागे वळल्या. बाहेर येऊन नळावर हात धुतले, खूप वेळ धुतले. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"मी गाडी सोडून आत गेले असते तर?" त्यांनी विचारलं.

"चेअरमन झाल्या असतात."

"आणि मांडव?"

"पडला असता."

त्यांनी मान हलवली आणि आणखी थोडं पाणी घेतलं. मला स्वतःचीच लाज वाटली. पंधरा वर्षं मी त्या माणसाच्या हातात किल्ली ठेवत आलो होतो.

जेवणात न्शिमा होती आणि भाजी होती. कोंबडी नव्हती. वाढणाऱ्या बाईने चेअरमनच्या ताटात भाजीचं एकच पान ठेवलं. त्यांनी कोंबडीबद्दल विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही येतानाच घेतलीत की." लोक हसले. ज्यांनी तासापूर्वी टाळ्या वाजवल्या होत्या तेच हसले, आणि पोटभर हसले. बिनविरोध निवडून आलेल्या माणसाला हसायला कुणाची हरकत नसते.

दुपारी चेअरमन माझ्याकडे आले. गळ्यात सत्काराचं नवं चितेंगे.

"साकाला, त्या बाईला विचार, परत जाताना नेईल का."

"तुम्ही विचारा, चेअरमन."

त्यांनी मला पहिल्यांदाच पाहिल्यासारखं पाहिलं. मग गेले. मीही मागे गेलो, कारण हे मला ऐकायचं होतं.

"अमाई चुलू," ते म्हणाले, "झालं ते झालं. निवडणूक वेगळी, माणुसकी वेगळी."

"नेईन," बाई म्हणाल्या. "पण गाडी तुम्ही सांभाळायची. बा साकाला ट्रकमध्ये बसतील. सकाळपासून त्यांचे पाय ब्रेकवर आहेत."

"मी? मला पंधरा वर्षांत सवय नाही."

"मग बस पकडा. स्टँड फाटकाबाहेर डावीकडे."

बसने जाणं म्हणजे गाडी चिपाटाला सोडणं, आणि चेअरमनची गाडी चिपाटाला पडून आहे हे प्रांतभर होणं. त्यांनी एकदा फाटकाकडे, एकदा गाडीकडे पाहिलं. शेवटी कोट काढला, घडी घातली आणि स्टेअरिंगमागे बसले. शाफ्ट या वेळी त्यांनी गुपचूप ट्रकमध्ये ठेवायला दिला.

बाईंनी खिडकीत वाकून त्यांना सगळं सांगितलं, शाळेत सांगतात तसं. गिअर न्यूट्रलला आहे, त्याला हात लावायचा नाही. किल्ली एक घर फिरवून आत, काही झालं तरी आत. हँडब्रेक हा तुमचा नाही असं समजा. पाय ब्रेकवर. एक हॉर्न, दोन हॉर्न. डोळे माझ्या मागच्या फळीवर नाही, दोरावर.

"मी अडाणी नाही," चेअरमन म्हणाले.

"नाही. पण नवशिके आहात."

परतीचा रस्ता मी ट्रकच्या आरशातून पाहिला. पहिल्या दहा किलोमीटरात दोन झटके बसले. मग कमी झाले. चेअरमन दोन्ही हातांनी चाक धरून, पुढे वाकून, दोराकडे असे टक लावून बसले होते की वाटेत कुणी हात केला तरी त्यांना परत करता येईना. आणि त्या दिवशी लोक फार हात करत होते. चिपाटाहून निघालेल्या बसनी बातमी आधीच पुढे नेली होती. एका वळणावर मुलांनी तर पळत येऊन दोराच्या लाल फडक्याला सलाम ठोकला. बाई आरशात बघत नव्हत्या. त्या रस्ता बघत होत्या.

कातेतेला ट्रकमधल्या एका बाईला उतरवायला थांबलो. चेअरमन खाली उतरले, तळहात चोळत माझ्याजवळ आले आणि आजूबाजूला कुणी नाही हे बघून हळूच म्हणाले, "साकाला, उतारावर आधी दाबायचा, की दोर सैल झाला की?"

पंधरा वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. याआधी त्यांनी जे जे विचारलं ते सगळे हुकूमच असायचे, फक्त शेवटी प्रश्नचिन्ह.

"आधी, चेअरमन," मी म्हणालो. "हॉर्न ऐकला की लगेच, पण थोडासाच. दोर सैल पडायची वाट बघायची नाही."

"थोडासाच."

"हो. अंडं धरल्यासारखा."

त्यांनी मान डोलावली, ओठांत काहीतरी पुटपुटत परत जाऊन बसले. पुढचा उतार त्यांनी चांगला उतरला. खरंच चांगला. बाईंनीही आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "बघा, दोर हलला नाही." त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं, रागही नव्हता. थकवा होता.

"अमाई," मी म्हटलं, "पुढच्या निवडणुकीला उभ्या राहणार?"

"बघू. संघ त्यांचाच राहू दे हवं तर. शेंगदाणा आमचा आहे, तो कुठे न्यायचा ते आमचं आम्ही बघू." मग थोड्या वेळाने, "मला दुसरा ड्रायव्हर हवाय. रोज दोन फेऱ्या एकटीने होत नाहीत."

मी खिडकीबाहेर बघितलं. सिंदा गेलं. बाईंनी परत विचारलं नाही. पेटाउकेच्या पाट्या दिसू लागल्या तेव्हा मी म्हणालो, "सकाळी किती वाजता?"

"पाच."

संघाच्या कचेरीपुढे पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. बाईंनी दोन हॉर्न दिले आणि पिकअप अगदी जागेवर थांबली, दोर ताठच. मी शाफ्ट उतरवून कचेरीच्या भिंतीला लावून ठेवला. बाई दोर सोडून गुंडाळू लागल्या. चेअरमन अजून स्टेअरिंगमागेच होते. जवळ गेल्यावर कळलं, त्यांची बोटं सुटत नव्हती. चाकाभोवती वळून तशीच आखडली होती. मी एकेक बोट सोडवलं, आधी उजव्या हाताची, मग डाव्या.

त्यांनी हात झटकले आणि कोट अंगात घातला. रस्त्यापलीकडे पाच-सहा माणसं उभी राहून बघत होती. चेअरमननी खाकरून आवाज नेहमीच्या उंचीवर आणला.

"उद्या सहाला ये, साकाला. आभाराच्या सभा सुरू करायच्या आहेत. आधी सिंदा, मग मिंगा."

"उद्या मी मिंगालाच आहे, चेअरमन. अमाई चुलूंचा माल उचलायचाय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग ट्रककडे, मग परत माझ्याकडे.

"मग माझी गाडी कोण चालवणार?"

"ती चालत नाही, चेअरमन," मी म्हणालो, आणि ट्रकमध्ये जाऊन बसलो.